बंद पंपाची टूर

मुळशीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या तळघरातले पंप सांभाळणारे मामा उरवड्याहून येतात. चपला दाराबाहेर काढतात, पंपावर तळहात ठेवतात आणि मगच कुणाशी बोलतात. बेअरिंग बिघडलं की मीटरच्या आधी त्यांच्या हाताला कळतं.

मी इमारतींच्या यंत्रणा शिकवतो. पण यंदा मुलं तळघरात उतरलीच नाहीत! वर्गातच डोळ्यांवर व्हीआरचे चष्मे चढवून त्याच पंपांची ‘व्हर्च्युअल टूर’ करतात. परवा वर्गातला पंखा बघायला मामा आले, तर एका मुलीनं त्यांनाही चष्मा लावला. सवयीनं त्यांनी हात पुढे केला. तो हवेतच राहिला. चष्मा काढून ते माझ्यावर उखडले.

“सर, गेजचा काटा शून्यावर हाय! बंद पंप दावून शिकवताय व्हय पोरास्नी?”

साऱ्या वर्गानं जर्नलमध्ये ‘पंप चालू, आवाज नाही’ असं लिहिलं होतं, आणि त्याखाली माझ्या सह्या! स्वतःचीच अशी चीड मला कधी आली नव्हती. टूरच्या शूटिंगला आवाज नको म्हणून पंप बंद करायला मीच मामांना सांगितलं होतं. त्यांना ते पक्कं आठवत होतं. मुलांसमोर तेवढं मात्र ते बोलले नाहीत.