उजव्या हाताचा ब्रेक

माझ्या खोलीत भिंतीवर एका बेटाचा नकाशा आहे. क्रीट त्याचं नाव. ग्रीस देशाच्या खाली समुद्रात आडवं पडलेलं, काकडीसारखं लांबट, आणि मधोमध डोंगरच डोंगर. मी तिथं कधी गेलो नाही, आता जाणारही नाही. पण त्या नकाशावर पेन्सिलीनं ओढलेले तीन रस्ते मला तोंडपाठ आहेत. कुठं चढ, कुठं झरा, कुठल्या वळणावर दम खायचा, झोपेतून उठवून विचारा. ज्यानं ते रस्ते ओढले त्याचं मी काय केलं, ते लिहायला बसलोय. शाळा माझी चौथीपर्यंत. शुद्धलेखन जसं येईल तसं.

कराडला माझं सायकलचं दुकान होतं. तीस वर्षं चालवलं. चाकाचा आऊट काढण्यात, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करण्यात, माझा हात धरणारा तालुक्यात नव्हता. हे मी म्हणत नाही, गिऱ्हाइकं म्हणायची. बायको गेली, आणि ऐंशी सालानंतर लगेचच पोरानं मला अमेरिकेला नेलं, बॉथेलला. तो तिथं विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. सूनही नोकरीला. दोघं सकाळी गाडी काढून गेली की घरात मी आणि फ्रिज. फ्रिज तरी मधून मधून आवाज करायचा.

तीन घरं सोडून एक ग्रीक म्हातारा एकटाच राहायचा. जन्मभर हॉटेलात आचारी होता. एके दिवशी तो सायकलवरून दारासमोरून गेला आणि मागच्या चाकाचा घासल्याचा आवाज माझ्या कानात शिरला. मी चपला न घालता रस्त्यावर. "ओ पाव्हणं, थांबा!" मराठीतच ओरडलो. थांबला बिचारा. तिथंच सायकल उलटी केली, त्याच्या पिशवीतला पाना घेतला आणि पाच मिनिटांत चाक सरळ केलं. त्यानं चाक फिरवून बघितलं. परत फिरवलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तोरा." त्यांच्या भाषेत मिस्त्रीला मास्तोरा म्हणतात. अमेरिकेत आल्यावर मला कुणी मिस्त्री म्हटल्याची ती पहिली वेळ. एरवी मी इंजिनिअरचा बाप.

त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझं त्याहून. तरी आमचं भागायचं. त्यानं मला कुणीतरी टाकून दिलेली एक सायकल आणून दिली, ती मी माझ्या पद्धतीनं उभी केली आणि आम्ही रोज सकाळी निघायला लागलो. आधी नदीकाठचा सपाट रस्ता, मग टेकडीवर चढ, दोन्ही बाजूंना उंच सूचिपर्णी झाडं, पुढं घोड्यांची कुरणं. दहा मिनिटांत एखादी मोटार.

पोराला ते आवडायचं नाही. "आप्पा, इथं सायकल एक तर लहान मुलं चालवतात, नाही तर लायसन्स गेलेले दारुडे."

"मग लोकांना सांग, बाप दारुडा आहे."

"तसं नाही हो आप्पा, सेफ नाही ते. रस्त्यावर काही झालं तर?"

"कराडच्या एसटी स्टँडवर काही झालं नाही मला."

पाव्हण्याच्या डोक्यात मात्र वेगळेच रस्ते होते. चढ चढून वर आलो की तो कुंपणाला टेकून सांगायचा. त्याच्या बेटावर आता समुद्राच्या कडेनं नवा मोठा रस्ता झालाय, सगळ्या मोटारी तिकडं गेल्या. डोंगरातून जाणारा जुना रस्ता मोकळा पडलाय. भाच्यानं पत्रात कळवलंय, आता त्याच्यावर डांबर आहे आणि शेळ्या आहेत, बाकी कुणी नाही. लहानपणी हा त्याच रस्त्यानं बापाचं चीज घेऊन जायचा, उसन्या सायकलवरून, तेव्हा नुसते दगड होते. ऑलिव्हच्या बागांतून वर चढायचं, खिंडीत जुन्या पवनचक्क्या, मग एकदम खाली सपाट मैदान, चारी बाजूंनी डोंगर. वळणावळणावर खांबावर एक छोटी पेटी, आत देवाची तसबीर आणि दिवा. कुणी तिथं पडलेला असतो, किंवा पडता पडता वाचलेला असतो, त्याच्या घरचे ती लावतात.

"दोन्हीला पेटी सारखीच?" मी विचारलं.

"सारखीच. दिव्याला काय कळतंय?"

चाळीस वर्षं तो तिकडं गेला नव्हता. हॉटेल सुटलं नाही, मग बायकोचं आजारपण. आता एप्रिलमध्ये जायचं ठरलं होतं. तिकीट आलं होतं, भाचा सायकल बघून ठेवणार होता. पण हा ऐकेना, स्वतःचीच सायकल विमानातून न्यायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळे झपाट्यानं जातायत, पुढच्या वर्षी सायकल विसरा. म्हणजे गेला तर याच एप्रिलमध्ये. नकाशावर पेन्सिलीनं रस्ते ओढताना तो कागदाला नाक लावायचा. "मास्तोरा, तू पण चल," म्हणायचा. मी हो हो म्हणायचो. पोराकडं काही मागायची सवय मला नव्हती, आणि लावून घ्यायचीही नव्हती.

मार्चमध्ये मी त्याची सायकल पूर्ण उघडली. म्हटलं, एवढ्या लांब जाणार, माझ्या हातची जाऊ दे. बेअरिंगमध्ये नवीन ग्रीस, नवीन साखळी, ब्रेकचे नवे रबर, नव्या वायरी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की याच्या ब्रेकच्या मुठी उलट्या जोडल्यात. आमच्याकडं उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला आणि डाव्या हाताचा मागच्या. तीस वर्षं हजारो सायकली मी तशाच जोडल्या. याची उजवी मूठ मागच्या चाकाला गेलेली. कुणा अडाण्यानं जोडली, असं मनात म्हटलं आणि सरळ करून टाकली.

त्याला सांगितलं नाही. माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं, काय काय दुरुस्त केलं ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचं नाही. सायकलवर बसल्यावर त्याचं त्याला कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी निघालो. रात्री पाऊस होऊन गेलेला, रस्ता ओला. सपाटीवर तो मागं वळून हसला, "लोणी! लोणी!" म्हणाला. ब्रेक लावायची फारशी वेळच आली नाही. चढ चढलो. कुरणापाशी थांबून पाणी प्यालो. मग उतार. तो पुढं, मी मागं. खालच्या वळणाच्या आधी त्याचा उजवा हात मुठीवर आवळलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. पुढचं चाक जागेवर थांबलं आणि पाव्हणा मुठींवरून उडून रस्त्यावर पडला.

खुबा मोडला. उजवं मनगटही.

संध्याकाळी सुनेनं गाडीतून मला हॉस्पिटलात नेलं. वाटेत मी तिला विचारलं, "इथल्या सायकलींचा उजवा ब्रेक कुठल्या चाकाला असतो गं?"

"मागच्या. सगळ्यांचाच. का हो आप्पा?"

"उगीच."

सगळ्यांचाच. पोराच्या गॅरेजमध्ये त्याची एक धूळ खात पडलेली सायकल होती. परत आल्यावर तिच्यावर हात फिरवून बघितला. मागच्याच चाकाला.

ऑपरेशन झालं. एप्रिल गेला, तिकीट गेलं. उन्हाळ्यात त्याला म्हाताऱ्या माणसांच्या एका ठिकाणी ठेवलं, घर विकलं, सायकल माझ्याकडं आली. मी दर रविवारी जायचो, पोरगा सोडायचा. पाव्हणा खुर्चीत बसून स्वतःचा डावा हात पुढं धरायचा आणि त्याच्याकडं बघायचा.

"मास्तोरा, हा हात म्हातारा झाला. मी म्हटलं उजवा, मागचा; यानं दाबला पुढचा. साठ वर्षं चुकला नाही."

मी त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"सायकल बघितलीस तू? तिच्यात काही होतं का?"

हाच तो प्रश्न. तीन शब्द लागत होते, तेवढं इंग्रजी मला येत होतं. माझी चूक झाली. घरून निघताना गाडीत मनात म्हणून बघितलेही होते. पण समोर बसलेला माणूस मला मास्तोरा म्हणत होता. या देशात तसं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

"सायकल चांगली आहे," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "मग हातच."

त्या दिवसानंतर त्यानं बेटाचं नाव काढलं नाही. भाच्याला पत्र लिहून घेतलं की वाट बघू नका. डोळे त्या वर्षातच गेले. नकाशा मला दिला, म्हणाला, तुला दिसतंय, तू जा. मी घेतला. नको म्हणायलाही काहीतरी सांगावं लागलं असतं. पुढच्या वर्षी थंडीत तो गेला. मी मातीला गेलो. तिथं त्याच्या गावच्या एका बाईनं माझे दोन्ही हात धरले. तिच्याबरोबरचा माणूस इंग्रजीत म्हणाला, "ती म्हणते, शेवटी त्याला चांगला मित्र मिळाला." तेव्हाही मी मान हलवली.

आता माझं वय ऐंशीच्या पुढं गेलं. त्याची सायकल आमच्या गॅरेजमध्ये टांगलेली आहे, वायरी तशाच, माझ्या पद्धतीच्या. हात थरथरतात, स्पॅनर धरवत नाही, आणि दुसऱ्याकडून बदलून घ्यायच्या तर का ते सांगावं लागेल. दर उन्हाळ्यात पोरगा घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकायला काढतो.

"आप्पा, ही तरी जाऊ द्या यंदा. चालू आहे, कुणीही घेईल."

"नाही."

"अहो पण का?"

"नाही म्हटलं ना."

"हट्टी आहात हो तुम्ही," तो म्हणतो, आणि सायकल परत खुंटीला टांगतो.