साखळी म्हणाले म्हणून

स्टीलचा डबा उपडा करायचा, बुडावर दोन टिचक्या मारायच्या, मग आतली बाजू सगळ्यांना फिरवून दाखवायची आणि म्हणायचं, "बठ्ठा देखी ल्या, डबा रिकामा शे." आमच्या विभागाची आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा अशी सुरू व्हायची. मैदानावरची पहिली शिट्टी नंतरची. पहिला मान डब्याचा.

डबा आबांचा. आबा रावेरच्या एका कॉलेजात क्रीडा शिक्षक होते, मी यावलला. म्हणजे आम्ही शेजारी आणि प्रतिस्पर्धी. वीस-बावीस माणसांच्या बैठकीत मी एकटी बाई, त्यामुळे चहा आला की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळायचे. आबा तेवढे उठून स्वतः कप वाटायचे आणि मला शेवटी द्यायचे. "उरेल बठ्ठा चहा तुमना, म्हनून शेवटी," असं वर सांगायचे.

गाव त्यांचं धुळ्याकडचं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रावेरला केळीच्या मुलखात काढली, पण बोली बदलली नाही. आमच्याकडची पोरं त्यांच्या 'शे'ची नक्कल करायची. मीही एकदा म्हटलं, "आबा, तुमचं शे काही सुटत नाही." ते म्हणाले, "सुटी गयं तं मी कोन राहसू?" नंतर मी कधी त्यांची थट्टा केली नाही असं नाही. केली. पण त्या विषयावर नाही.

तुम्ही त्यांना मैदानावर पाहिलं असतं तर आधी बूट पाहिले असते. मैदानाला फक्की मारून झाली की उरलेली पांढरी पूड ते आपल्या कॅनव्हासच्या बुटांना चोळायचे. चालताना मागे पांढरे ठसे उमटत जायचे. आम्ही म्हणायचो, आबा कुठे गेले ते विचारायला नको, जमिनीकडे बघा. गळ्यात शिट्टी असायची, पण वाजवायची ती पंचांनी, असं त्यांचं मत. ते टाळ्या वाजवून पोरांना बोलवायचे. त्यांची पोरं म्हणजे केळीची कटाई करणारी, गाडी भरणारी पोरं. दिवसभर घड खांद्यावर वाहून संध्याकाळी सरावाला यायची. ट्रक आला की निम्मा संघ गायब. आबा चिडायचे नाहीत. ट्रक गेला की पुन्हा टाळ्या.

तर डबा. सगळ्या कॉलेजांच्या नावांच्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, एकाच हाताने वळलेल्या. आणि चिठ्ठी काढायला कुणाला बोलवायचं? गेल्या वर्षी ज्याने सगळ्यात जास्त कुरकुर केली त्याला. एका वर्षी तो मान मला मिळाला. मी हात घातला आणि पहिल्याच फेरीत स्वतःसमोर गतविजेता संघ काढून ठेवला. सगळी बैठक हसली. आबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हात तुमना, नशीब तुमनं. डबा फक्त मना." आम्ही त्या सामन्यात सडकून हरलो आणि मला कुणावरही रागावता आलं नाही. आबांच्या डब्याची खरी करामत हीच होती. एका वर्षी मोठं कॉलेज वाट्याला यायचं, दुसऱ्या वर्षी आपल्यासारखंच छोटं. छोट्याशी गाठ पडली त्या वर्षी पोरं पुढच्या फेऱ्यांत जायची, निवड समितीच्या नजरेत यायची. त्यांच्या दोन पोरांना असं विद्यापीठाच्या संघात जाताना मी पाहिलंय. "चिठ्ठीले डोया नही," आबा म्हणायचे, "म्हनून तिले बठ्ठा सारखा."

मग विभाग मोठा करायचं ठरलं. आमचा आणि धुळ्याकडचा असे दोन विभाग एक करायचे. बैठकीत स्पर्धा समितीचे नवे अध्यक्ष उभे राहिले. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. माणूस बोलण्यात तरबेज. मोठा विभाग, मोठी स्पर्धा, मोठं नाव, असं बराच वेळ चाललं. आणि शेवटी म्हणाले, "आपण दोन्ही विभागांची साखळी करू."

साखळी! तुम्ही खेळातले नसाल तर सांगते. आमच्या जगात दोनच पद्धती. बाद, म्हणजे एकदा हरलात की घरी. आणि साखळी, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, हरलात तरी उद्या पुन्हा मैदानात. छोट्या कॉलेजांचं सगळं आयुष्य बाद पद्धतीत गेलेलं. आबांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं ते लग्नघरात बापाच्या चेहऱ्यावर असतं.

"साखळी? नक्की का सर?" त्यांनी विचारलं.

"नक्की, आबा. साखळीच."

आबा माझ्याकडे वाकले. "ताई, आपला पोरेसले बठ्ठासंगे खेयाले भेटी." आणि हात वर केला. सगळ्यात आधी. त्यांचा हात वर गेलेला पाहून मग आम्हा छोट्या कॉलेजांचे हात गेले. आबांनी हात वर केलाय म्हणजे त्यात खोट नसणार, एवढाच आमचा हिशेब.

पत्रक आलं ते बाद पद्धतीचं. वर मानांकन. गेल्या वर्षीच्या मोठ्या संघांना वरच्या जागा, आणि त्यांच्यासमोर पहिल्या फेरीत कोण, तर आम्ही. अध्यक्ष म्हणाले, "साखळी म्हणजे जोडणी म्हणालो मी. दोन विभाग जोडले, झाली साखळी." तो माणूस लबाड होता की नुसता भाषणबाज, हे मला अजून ठरवता येत नाही. लबाड असता तर बरं झालं असतं. निदान शिव्या घालायला जागा राहिली असती.

डबा बंद झाला. तक्ता कॉम्प्युटरवर तयार होऊन व्हॉट्सअॅपवर यायला लागला. आबा प्रत्येक छोट्या कॉलेजाला फोन करायचे. मलाही केला. म्हणाले, "हात तं मीच वर करा, ताई." मी म्हटलं, आबा, फसवलं त्यांनी, तुमचं काय? तिकडून पुन्हा तेच. "हात तं मीच वर करा."

पहिल्या वर्षी रावेरच्या समोर धुळ्याचं एक बलाढ्य कॉलेज आलं. सामना सकाळी, धुळ्यात. रावेरहून धुळं म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडायचा. पोरं झोप न घेता गाडीत बसून आली आणि हरून गेली. दुसऱ्या वर्षी समोर तेच कॉलेज. तिसऱ्या वर्षीही तेच. आबा अध्यक्षांकडे गेले. मी बरोबर होते.

"सर, तीनदा एकच नाव? चिठ्ठी कोनी काढी?"

"आबा, आता चिठ्ठी नसते. मानांकन असतं. तुमचा संघ सगळ्यात खाली आहे ना."

"पन सर, वरल्यासंगेच खेयी खेयी खालेच राहसूत ना आम्ही."

अध्यक्ष हसले. चांगला मुद्दा आहे म्हणाले. आणि दुसऱ्या माणसाशी बोलायला लागले.

त्या तिसऱ्या सामन्याला आबांबरोबर आठच पोरं आली. बाकीची कटाईला. येऊन हरायचंच तर मजुरी का बुडवायची, असं त्यांच्या घरच्यांनी विचारलं असणार, आणि त्यांचं काय चुकलं? फुटबॉलला सात पोरं तरी मैदानावर लागतात. आठ पोरं अकरांशी खेळली आणि मध्यंतरापर्यंत बरी खेळली. नंतर एकाच्या पोटरीत गोळा आला, थोड्या वेळाने दुसऱ्याच्या. सहा उरली. पंचांनी सामना थांबवला आणि समोरच्यांना विजयी ठरवून पुढे चाल दिली. आबा पोराचा पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. मी पाणी नेलं तर म्हणाले, "त्याले पहिलं सावलीमां न्या." त्यांना त्या दिवशी किती म्हातारं वाटलं असेल, याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर त्यांच्या कॉलेजाने फुटबॉल बंद केला. पाठोपाठ आबा निवृत्त झाले. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या वर्षीचा तक्ता फोनवर आला आणि त्यात पहिल्या ओळीत, धुळ्याच्या त्याच कॉलेजासमोर, रावेर होतंच. चुकून जुनाच तक्ता पुन्हा पाठवला असेल असं मी समजले. मला तरी तेव्हा तसंच वाटलं.

सामन्याच्या दिवशी मी माझा संघ घेऊन धुळ्याला गेले. आमचा सामना त्यांच्या नंतरचा. बघते तर आबा. धुतलेला पांढरा शर्ट, फक्की लावलेले बूट, आणि मैदानाच्या अर्ध्या भागात एकटे उभे. पलीकडे त्या कॉलेजाची अकरा पोरं. पंच तरुण होता, बिचारा गोंधळून गेला. "आबा, बाहेर या, संघ नाहीये ना तुमचा."

"माले ठाऊक शे. तुमनी वेय व्हऊ द्या."

मी धावत गेले. म्हटलं, आबा, उन्हात काय हे? चला.

"ताई, नाव लिखेल शे ना तठे? नाव शे तं मानूस पाहिजे. रावेर उनंच नही असं कोनी म्हनाले नको."

समोरची पोरं चुळबुळायला लागली होती. आबांनीच त्यांना हाक मारली, "खेया रे, माले काय देखतस!" त्यांच्याच गावाकडची बोली. पोरं हसली नाहीत. त्यांचा कप्तान चेंडू घेऊन अर्धी रेषा ओलांडून आला आणि आबांच्या पाया पडला. आबांनी चेंडूवर पाय ठेवला, हळूच त्याच्याकडे परत ढकलला. मग वाट पाहायची वेळ संपली, शिट्टी वाजली, समोरच्यांना पुढे चाल दिली गेली. आबा माझ्या पोरांचा सामना शेवटपर्यंत बघत बसले आणि प्रत्येक चांगल्या पासला टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतर ते गेले. झोपेतच, असं त्यांच्या सूनबाईंनी फोनवर सांगितलं. समितीच्या बैठकीत आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. बसल्यावर अध्यक्षांनी लॅपटॉप उघडला.

यंदाचा तक्ता आला तेव्हा पहिल्या ओळीत पुन्हा रावेर. मी अध्यक्षांना फोन लावला. म्हटलं, सर, तिथे आता संघ नाही, आणि येणारा माणूसही नाही. ते म्हणाले, "माहीत आहे मॅडम. पण राहू द्या. ते नाव काढलं की धुळ्याच्या कॉलेजाला पहिल्या फेरीत दुसरं कुणीतरी द्यावं लागतं. मग सगळा तक्ता हलतो." म्हणजे चूक नव्हतीच. ठेवलेलं होतं नाव. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

सामन्याच्या सकाळी मी धुळ्यात होते. अकरा पोरं आपल्या जागांवर उभी राहिली. पंचाने घड्याळ बघितलं, मग गेटकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं. पलीकडच्या अर्ध्या मैदानात या वेळी कोणीच नव्हतं.

शिट्टी वाजली. कप्तानाने पुढे चालीच्या कागदावर सही केली.