देवकाबाईंच्या गवऱ्या

अमरावतीच्या स्टँडवरून आमची एसटी हलली तेव्हा माझ्या पिशवीत दोन डायऱ्या, टोपी आणि गाव सुधारण्याचा पक्का निश्चय एवढं सामान होतं. पुण्यात शेतकी कॉलेजला नंबर लागला नाही म्हणून मी वऱ्हाडात आले होते. पहिलं सेमिस्टर संपत आलं होतं आणि आता सात दिवसांचं श्रमदान शिबिर. गाव दर्यापूरकडचं. नाव सांगत नाही, कारण गावाने मला माफ केलं असलं तरी लेखात आणायची परवानगी मी मागितलेली नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी, सपाट जमीन. कापूस, तूर, मधेच हरभरा. हा खारपाणपट्टा (इथे विहिरीचं पाणी खारट लागतं). गावात उतरल्यावर पहिला चहा मिळाला, त्यात चुकून मीठ पडलं असावं असं समजून मी कप खाली ठेवला. माझ्या वर्गातला गजू, मूळचा अकोल्याचा, म्हणाला की चहा असाच असतो, दुसऱ्या दिवशी कळायचं बंद होतं. तसंच झालं.

पहिले दोन दिवस घरोघरी सर्वेक्षण. मी गटप्रमुख. हातात छापील फॉर्म घेऊन आम्ही दारात उभे राहायचो, आणि आतून एखादी बाई सांगायची की घरी कोणी नाही. मग हे सांगितलं कोणी, हा प्रश्न विचारायची हिंमत आमच्यात नव्हती. दोन दिवसांत चार फॉर्म भरले, त्यातला एक गजूने स्वतःच्या मामाच्या नावाने भरला होता.

तिसऱ्या दिवशी कंपोस्टचा खड्डा. इथे मात्र मी फॉर्मात होते, कारण पहिल्या सेमिस्टरमध्ये मला पूर्ण समजलेला हा एकमेव धडा. काडीकचऱ्याचा थर, शेणाचा थर, वर पाणी. कचरा गावात मुबलक होता, शेण कमी पडत होतं. तेवढ्यात मारुतीच्या देवळामागे, पळसाच्या पानांखाली झाकलेला वाळक्या शेणाचा भला मोठा ढीग मला दिसला. निसर्गच मदतीला धावून आला, असं मी मोठ्याने म्हटल्याचं चार जणांना आठवतं. आम्ही तो ढीग आणला, कुदळीच्या दांड्याने ठेचून बारीक केला, थरावर थर दिले आणि वर वीस बादल्या पाणी मारलं. गावाला मी इतकं मनापासून आजवर काहीच दिलं नव्हतं.

दुपारी देवकाबाई आल्या. गावाबाहेर त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा आहे. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं.

"काहून वं बाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "माह्या रोडग्याच्या गवऱ्या तुमी भिजवल्या?"

रोडगे (कणकेचे जाड गोळे, गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले) मी फक्त ऐकून होते. बाकीचं गजूने देवकाबाईंना विचारून मला सांगितलं. देवकाबाईंची मुलगी रेखा अकोल्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागावी, यासाठी त्यांनी मारुतीला रोडग्याचा नवस बोलला होता, आणि ती लागली. दिवाळीपासून त्या गवऱ्या थापत होत्या. पंगत उद्याच होती, कारण रेखाला सुट्टी एकाच दिवसाची. लाकडावर रोडगा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो, त्यामुळे तो मार्गही बंद.

"मी चहा आनाले गेलतो," गजू म्हणाला, "तेवढ्यात तुमी गावचा नवसच खड्ड्यात घातला."

मला रडू फुटलं. देवकाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खड्ड्याच्या कडेला बसल्या आणि एक ओला तुकडा उचलून बघत राहिल्या.

गजूने एक ढकलगाडी आणली. तो म्हणाला, आता मागायचं. आम्ही पुन्हा त्याच दारांत उभे राहिलो, पण या वेळी फॉर्म नव्हता, तोंड पाडलेलं होतं. "मावशी, देवकाकाकूंच्या गवऱ्या मी भिजवल्या. दोन-चार द्याल का?" एवढंच मी म्हणायची. आतली बाई बाहेर यायची, मला नीट न्याहाळायची, शेजारणीला हाक मारून हीच ती पोरगी म्हणून दाखवायची आणि मग टोपलंभर गवऱ्या गाडीत टाकायची. वर चहा. बौद्धपुऱ्यातल्या एका काकूंनी तर गवऱ्या स्वतः रचून दिल्या, कारण आम्हाला रचताही येत नव्हत्या. चहासोबत गप्पा निघायच्या: विहीर किती खोल, पोरगं कुठे शिकतं, गॅस असून चूल का पेटते. दिवस मावळायच्या आत गाडी भरली, आणि वहीत सगळ्या गावाचं सर्वेक्षणही. फॉर्ममधला एकही प्रश्न मी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर गवऱ्यांचा आर (धगधगत्या निखाऱ्यांचा थर) पडला. राख झटकलेला रोडगा, वर तूप, सोबत झणझणीत वांग्याची भाजी. मी वाढायला उभी होते. रेखाने मला हाताला धरून पंगतीत बसवलं.

"पयला रोडगा इले वाढ," देवकाबाई तिला म्हणाल्या. "पुऱ्या गावाच्या गवऱ्या लागल्या माह्या नवसाले. माह्या एकटीच्यानं एवढा झाला नसता."

त्या भाजीने डोळ्यांत पाणी आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तिखट होतीच ती.

शिबिर संपवून अमरावतीला परतले तेव्हा पिशवीत चार रोडगे होते आणि निश्चय कुठे पडला कोण जाणे. देवकाबाईंनी निरोप देताना बजावलं होतं की खड्ड्यातलं खत उन्हाळ्यात वांग्यांना घालणार आहे, वांगी खायला ये.

पुढच्याच महिन्यात परीक्षा झाली. कंपोस्टच्या कृतीवर प्रश्न आला. मी सगळ्या पायऱ्या पुस्तकाप्रमाणे लिहिल्या, फक्त सगळ्यांच्या वर माझी एक घातली: शेण कोणाचं आहे, ते आधी विचारावे. सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली, पण मार्क पूर्ण दिले.