पिंजऱ्यातला सदरा

गुंड्या आता आपणहून पिंजऱ्यात शिरतो. विमानातून न्यायच्या कुत्र्याला महिनाभर पिंजऱ्यातच जेवण द्या, घरच्या माणसाचा न धुतलेला कपडा आत अंथरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी माझा सदरा अंथरलाय.

दिवाळीत लेक म्हणाली, "बाबा, परदेशात नोकरी लागली. गुंड्यालाही नेते." "किती अचानक ठरलं गं!" म्हणत मी पेढे आणले.

आज सकाळी त्याचे कागद लावताना रेबीजच्या तपासणीचा रिपोर्ट हाती आला. रक्त श्रावणात काढलेलं. त्यानंतर तीन महिने थांबल्याशिवाय तो देश कुत्र्याला आत घेत नाही म्हणे. म्हणजे श्रावणी सोमवारी माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी मागून घेताना तिला सगळं ठाऊक होतं. कुत्र्याचं रक्तसुद्धा देऊन झालं होतं!

परक्याला फसवायचं तर खोटं बोलावं लागतं. घरच्या माणसाशी नुसतं गप्प राहिलं तरी भागतं.

संध्याकाळी गुंड्या माझ्या सदऱ्यावर हनुवटी टेकून पडला होता. मी पिंजऱ्याचं दार हळूच लावून पाहिलं. त्याने एक डोळा उघडला, मीच आहे हे पाहिलं आणि निर्धास्तपणे मिटून घेतला.