पारोसा देव

प्रभूवर मी रुसले होते, हे आज कबूल करते. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. पनवेलच्या शाळेत मी शिक्षिका होते. आई-बाप नाहीत, मिशनच्या वसतिगृहात वाढलेली, आणि जवळपास आमच्या धर्माचं एकही घर नव्हतं. लोक वाईट नव्हते, मीच आडमुठी. आपल्या घरचं पाणी यांना चालेल का, या शंकेने मी कधी कुणाला बोलावलंच नाही. शाळा सुटली की घर गाठायचं आणि दाराला कडी लावायची.

सोबतीला एकच चित्र होतं. वसतिगृहातल्या म्हाताऱ्या ड्रॉइंगमास्तरांनी पेन्सिल आणि कोळशाने काढलेला ख्रिस्त, निरोपाच्या दिवशी मला दिलेला. पुढे मास्तर वारले. चौकटीची काच प्रवासात फुटली, ती मी पुन्हा बसवली नाही. चेहऱ्यावर कोळशाची दाट सावली, डोळे खाली झुकलेले. रोज त्याच्यापुढे गुडघे टेकताना मनात यायचं, याने एकदा तरी वर बघावं. शेवटी मी प्रार्थनाच सोडली. जो बघत नाही त्याच्याशी बोलायचं तरी किती?

मग हिवताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मागल्या दारी जवळच्या नेरे गावची भाजीवाली हाका मारत होती. तीन वर्षं मी अर्धं दार उघडून तिच्याकडून भाजी घेत असे. कडी काढल्याचं आठवतं, पुढचं काही नाही.

शुद्धीवर आले तेव्हा ती उशाशी बसून पेज ढवळत होती. चार दिवस ती घरी गेली नव्हती. पाटीतली भाजी ओट्यावर सुकून गेली होती. डॉक्टरांना तिनेच आणलं होतं. मी मात्र आभार मानायच्या आधी भिंतीकडे पाहिलं आणि ओरडले. चित्रावरचा कोळसा गेला होता आणि कपाळावर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

"काय केलंस हे!"

ती गोंधळली. "बाई, तुमी तापात, आन् तुमचा देव चार दीस पारोसा. देव पारोसा ठेवून आमाला घास गिळंल का? ओल्या फडक्यानं पुसला. लय काजळी व्हती तोंडावर."

मी ढसाढसा रडले. जगात माझं म्हणून तेवढंच होतं. तिला 'जा' म्हणणार, तोच तिने चित्र काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "बगा तरी, कसा तुमच्याकडं बगतोय त्यो."

कोळशाखाली मास्तरांच्या पेन्सिलीच्या रेघा शाबूत होत्या. त्यांनी आधी डोळे उघडे, समोर बघणारे काढले होते. झुकलेल्या पापण्या आणि सावली नंतर चढवली होती. म्हणजे इतकी वर्षं ते डोळे माझ्याकडेच बघत होते. मास्तरांनी मधेच विचार का बदलला, कोण जाणे.

पेज पिताना मी तिला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"काशी," ती म्हणाली आणि हसली. "आज इचारलंत, बाई."

मी मान खाली घातली. देवाने माझ्याकडे बघावं म्हणून मी रुसून बसले होते, आणि रोज दारात येणाऱ्या बाईचा चेहरा मी धड पाहिला नव्हता.

चित्राला अजून काच नाही. काशीबाई आली की हात धुऊन आधी देव पुसते. मी तिच्या हाती कोरडा फडका देते, तेवढीच माझी हुशारी. एक दिवस पेन्सिलही पुसली जाईल. जाऊ दे. ठेवायचं काय आणि पुसायचं काय, ते त्याचं त्याने बघावं. मी दिवसा दाराला कडी लावायची सोडली आहे.