दातवाली बिर्थे

"ह्या फोनवर आनिक कशाचं काय येतं का, लाउस्ट?"

"येतं कधीमधी कायतरी."

"बरं."

एवढंच बोलणं झालं. बिर्थेने फोनवर अंगठा फिरवून शेवटची खूण केली आणि फोन टेबलावरच्या मेणकापडावर ठेवला. लाउस्ट खुर्चीत ताठ बसून होता. वय शहात्तर, कान दोन्ही गेलेले, आणि त्या कानांत आता नव्या मशिनी, वालाच्या दाण्याएवढ्या. बिर्थे अंगणात गेली आणि तिथून तिने त्याला फोन लावला. स्वयंपाकघरात काहीच वाजलं नाही. लाउस्टची एक भुवई मात्र वर चढली. घंटी त्याच्या टाळक्याच्या आत वाजत होती.

"वाईट न्हाय," तो म्हणाला.

आमच्या ह्या पश्चिम जटलंडात कौतुक ह्याच्या पुढं जात नाही. बायकोला जुळं झालं तरी बाप एवढंच म्हणतो.

बाहेरची घंटी पार बंद करून टाक, हा हुकूम लाउस्टच्या बायकोचा, एलिनोरचा. सहा वर्षं त्या फोनने घर डोक्यावर घेतलं होतं. एवढ्या मोठ्यानं वाजायचा की शेजारचं कुत्रं भुंकायचं, आणि लाउस्टला तरीही ऐकू यायचं ते चौथ्या घंटीला. "वाजायचं ते त्येच्याच डोसक्यात वाजू दे बाई, माझं काय पाप हाय?" असं सांगून एलिनोर केस कापायला रिंगक्युबिंगला निघून गेली होती.

आता ते 'कधीमधी कायतरी' काय होतं, ते सांगतो. लाउस्टच्या गोठ्यात दोनशे सत्तर डुकरिणी होत्या, निम्म्या लेकुरवाळ्या. बंदिस्त गोठा, वारा सगळा पंख्यांचा. पंखे थांबले तर उन्हाळ्यात पाव तास, फार तर अर्धा. मग जनावरं आपल्याच वाफेनं गुदमरतात. म्हणून घराच्या मागच्या दाराशी भिंतीवर एक करडी पेटी होती. वीज गेली की ती आपल्या बॅटरीवर जागी राहायची आणि लाउस्टच्या फोनवर घंटी द्यायची. 'कायतरी' म्हणजे ती पेटी.

मग तसं सांगायला काय झालं होतं? आमच्याकडे माझं काम मोठं, माझा फोन महत्त्वाचा, असं म्हणणं म्हणजे बढाई. आणि एकदा विचारल्यावर तेच पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं. त्यानं बढाई मारली नाही, तिनं पुन्हा विचारलं नाही. दोघंही सभ्य.

निघताना तिनं तेवढं सांगितलं की मशीन कानातून काढलीस तर डबीत घालत जा, तिथं ती बंद होते आणि मग फोन स्वतः वाजतो. "व्हय, व्हय," लाउस्ट म्हणाला. डबी वरच्या माळ्यावर पलंगापाशी होती, आणि लाउस्ट दुपारी झोपायचा खालच्या सोफ्यावर.

बिर्थेचा बाप गावात रेडिओ दुरुस्त करायचा. चौदाव्या वर्षी ती त्याच्या हाताखाली तारांना डाग द्यायला शिकली, अजून डाव्या तळहातावर भाजल्याची खूण आहे. बाप गेला, मग डेअरी गेली, किराणा दुकान गेलं, शाळाही गेली. बिर्थे राहिली. लग्न एकदा केलं, चार वर्षं टिकलं, त्याबद्दल ती बोलत नाही आणि कुणी विचारत नाही. पांढऱ्या गाडीत वायरी, बॅटऱ्या आणि एक शिडी टाकून ती रानोमाळ फिरते. कुणाचा टीव्ही फोनशी बोलत नाही, कुणाचा प्रिंटर संगणकाला ओळख देत नाही, कुणाच्या नातवंडाचा आवाज मोटारीतच घुमतो आणि हातातला फोन मुका. सगळ्यांची गाठ घालून देणं हा तिचा धंदा. ती म्हणते, ही यंत्रं अगदी आमच्या माणसांसारखी: नव्या माणसाशी बोलायला तयार नाहीत, आणि एकदा ओळख पटली की जुन्याच्याच गळ्यात पडतात.

आता ह्या बिनतारी जोडणीला सगळं जग ब्लूटूथ म्हणतं, पण ते नाव आमच्या एका जुन्या राजाचं, निळा दात असलेल्या. त्यानं कोरवलेला दगड तासाभराच्या वाटेवर उभा आहे. त्यामुळं म्हातारी माणसं इंग्रजी नाव घेत नाहीत, 'दात' म्हणतात. "बिर्थे, माझ्या टीव्हीचा दात पडला, बसवून दे." असं करत करत तिचंच नाव दातवाली पडलं. गावात दंतवैद्य आहे एक. त्याला हे आवडत नाही.

तर त्या दिवशी लाउस्टकडून निघून ती बारा किलोमीटरवर स्टाउनिंगला गेली, आस्ताकडे. आस्ता म्हणजे निवृत्त मास्तरीण, गावच्या चर्चमधल्या गाण्यांचे कागद छापणारी. तिचा नवा प्रिंटर वाय-फायला जुमानत नव्हता. जुलै महिना, उकाडा असा की पाठीला सदरा चिकटलेला, आणि खाडीवर जांभळा ढग बसलेला. साडेबारा होऊन गेले होते. बिर्थे टेबलाखाली होती तेव्हा वीज कडाडली आणि घरातलं सगळं बंद पडलं.

आस्ता शांतपणे उठली, मीटरच्या कपाटाशी गेली आणि पडलेला मेन स्विच वर केला. गडगडाटात मेन पडणं इकडं नवं नाही. दिवे आले.

"आता घरोघर डुकरंवाल्यांचं फोन कोकलत असतील," आस्ता म्हणाली.

बिर्थेचा हात वायरीवर होता तिथंच राहिला. लाउस्टच्या मागच्या दाराशी, कोटांच्या खुंटीखाली, तिनं ती करडी पेटी पाहिली होती. हिरवा दिवाही पाहिला होता. डोळ्यांनी पाहिलं होतं आणि डोक्यात घेतलं नव्हतं. त्याचा फोन बाहेर वाजणार नाही, हे तिनं स्वतःच्या अंगठ्यानं केलं होतं.

तिनं टेबलाखालूनच लाउस्टला फोन लावला. घंटी जात राहिली, उचलला नाही. एलिनोरला लावला. तो बंद. खिडकीतून पाहिलं तर ढग खाडी सोडून जमिनीवर चढला होता, आणि त्याचं तोंड पूर्वेला, लाउस्टच्या माळाकडे.

बाराचं गरम जेवण, बारीक बटाटे, तळलेलं डुकराचं मांस, वर कोथिंबिरीच्या जातीच्या पाल्याची पांढरी आमटी. मग रेडिओवरच्या बातम्या. मग सोफा. ह्या मुलखातला शेतकरी पावणेएकला कुठं असतो हे कुणालाही विचारावं लागत नाही.

"आस्ता, हा नंबर. मी पोचेपर्यंत लावत राहा."

"काय झालंय?"

"कदाचित कायच न्हाय."

गाडीत बसल्यावर तिच्या मनात आलं की लाउस्टच्या शेजाऱ्याला उठवावं. पण त्याचा नंबर तिच्याकडे नव्हता, आणि काही झालेलंच नसलं तर? उगाच बोंब मारणारी बाई म्हणून वीस वर्षं नाव निघालं असतं. असं मनात आलं याची तिला त्याच क्षणी लाज वाटली. तिनं गाडी दामटली.

रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाऱ्यानं एका अंगाला कललेली झाडं. तिसऱ्या किलोमीटरला पुढं एक जर्मन बिऱ्हाडगाडी, मागं दोन सायकली बांधलेली, देखावा बघत चाललेली. समोरून ट्रॅक्टर. बिर्थेनं भोंगा दाबला, जो तिनं ती गाडी घेतल्यापासून दाबला नव्हता, आणि कडेच्या गवतातून गाडी काढली. शिडी मागं धाडधाड आपटली. पावसाचे टपोरे थेंब काचेवर पडले, आणि उजव्या हाताला, लाउस्टच्या घराच्या अंगाला, वीज उभी जमिनीत शिरली. तिनं घड्याळ पाहिलं. बारा बावन्न.

अंगणात गाडी थांबली ती एक वाजून तीन मिनिटांनी. इंजिन बंद केलं आणि ऐकलं. त्या अंगणात रात्रंदिवस पंख्यांची घरघर असते, आलेल्या माणसाला ती पाच मिनिटांनी ऐकूही येत नाही. ती नव्हती. होतं ते डुकरांचं ओरडणं.

लाउस्टला उठवावं का आधी गोठ्याचं दार उघडावं? तिनं दार उघडलं. आतून जी हवा आली ती तोंडावर ओला कांबळा टाकल्यासारखी होती, डोळ्यांतून पाणी काढणारी. पलीकडच्या टोकाचं दार आतून अडसर लावलेलं, साठ मीटर लांब, मधे सगळ्या डुकरिणी. ती वळली आणि बाजूच्या खोलीतल्या विजेच्या फळीपाशी गेली. मेन पडलेला. वर केला. पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. विजेनं कुठंतरी काहीतरी जाळलं होतं आणि तेच मेन खाली ओढत होतं.

बापानं शिकवलेलं होतं की घाईत फळीवर हात फिरवू नये. तिनं बाराच्या बारा खटके खाली केले. मेन वर केला, राहिला. एक वर. दोन वर. खटक्यांखाली लाउस्टनं पेन्सिलीनं काय काय लिहिलेलं, ते त्याचं त्यालाच कळावं. तीन वर केला आणि मेन आडवा. तीन खाली. मेन वर. चार. पाच. भिंतीपलीकडचं ओरडणं कमी होत चाललं होतं. डुकरं गप्प व्हायला लागली की ते बरं लक्षण नसतं. सहा. सात. हात घामानं घसरत होता. आठ वर केला आणि छतात काहीतरी कण्हलं, मग फिरलं, मग एकामागून एक सगळ्या पंख्यांनी गती धरली.

ती आत गेली. पलीकडचं दार उघडलं. परत येताना पाहत आली. बहुतेक डुकरिणी आडव्या पडून तोंड वासून धापा टाकत होत्या. भिंतीकडच्या चार धापा टाकत नव्हत्या. त्यांच्या आचळांना पिल्लं अजून लुचत होती.

लाउस्ट सोफ्यावर, तोंडावर पेपर. खिडकीच्या फळीवर, कुंडीपाशी, कानाच्या दोन मशिनी. त्यांच्यातून चिलटासारखा बारीक आवाज येत होता. आस्ता नंबर लावत होती.

बिर्थेनं त्याला हलवलं. त्यानं पेपर बाजूला केला, तिचं तोंड बघितलं, आणि उठून बसला.

"एलिनोर?"

तिनं नाही अशी मान हलवली. "डुकरं."

"आँ?"

"पंखं बंद पडलं हुतं. आता चालू हाईत. चार गेल्या."

"काय गेलं?"

"चार डुकरिनी गेल्या, लाउस्ट. माझ्यामुळं."

तिला ते तीनदा सांगावं लागलं, दर वेळी जास्त मोठ्यानं. तिसऱ्यांदा 'माझ्यामुळं' म्हणाली तेव्हा ती ओरडत होती, आणि तेव्हा त्याला ऐकू गेलं. त्यानं मशिनी कानात घातल्या, बूट चढवले आणि गोठ्यात गेला.

तो आधी मेलेल्यांकडे गेला नाही. नळी ओढली आणि जित्या जनावरांच्या मानेवर पाणी सोडत दोन्ही रांगा पार केल्या. मग चौघींपाशी आला, एकेकीला बुटानं हळूच ढोसून पाहिलं. पिल्लं पन्नासाच्या आसपास होती.

"उचल," तो म्हणाला.

कुणाला कुणाच्या पोटाशी लावायचं हे त्याच्या डोक्यात होतं. ही घेते, ती चावते, हिला आठच आहेत. बिर्थे काखेत दोन दोन पिल्लं धरून वाहत होती, ती किंचाळत होती आणि तिच्या सदऱ्यावर घाण करत होती. पाऊण तास दोघं बोलली ती एवढंच: इथं, तिकडं, न्हाय, ती न्हाय. शेवटचं पिल्लू ठेवल्यावर लाउस्ट कुंपणाच्या लोखंडावर टेकला.

"तू इचारलं हुतंस," तो म्हणाला.

"एकदाच."

"एकदा बास की. मला काय तोंड न्हाय?" त्यानं नळी गुंडाळायला घेतली. "सत्तर साली बापानं जुना गोठा बांधला तवा खिडक्या हुत्या. म्या बुजवल्या."

 बिर्थेनं त्याचा फोन मागून घेतला. पेटीचा नंबर वेगळा काढला, तो आला की फोन स्वतः वाजेल, घरात, पूर्ण आवाजात, मशिनी कानात असोत नाहीतर कुंडीपाशी. शिवाय गाडीत मागं पडलेला एक जुना भोंगा काढून अंगणातल्या खांबावर ठोकला आणि पेटीला जोडला. एलिनोरला काय सांगायचं ते तू बघ, म्हणाली.

"सांगीन कायतरी," लाउस्ट म्हणाला, आणि मग तिच्याकडे पाहून, "चार गेल्या म्हनून सांगीन. पेटीमुळं."

"माझ्यामुळं."

"बरं. दोगांमुळं."

मग घरात येऊन त्यानं मशिनी काढून खिडकीच्या फळीवर ठेवल्या आणि सोफ्यावर आडवा झाला, बुटांसकट. बिर्थेनं मागच्या दाराशी जाऊन पेटीची वायर ओढली. आतून फोन कोकलला, खांबावरचा भोंगा किंचाळला, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. लाउस्ट दारात येऊन उभा राहिला, एक हात वर केला. तिनं वायर लावली. मेलेली जनावरं नेणाऱ्या गाडीला फोन करायचा होता, तो त्यानं तिच्यासमोरच केला. चार, म्हणाला, आणि पत्ता.

आस्ताकडे ती पोचली तेव्हा चार वाजत आले होते. आस्तानं सत्तावीस वेळा फोन लावला होता, प्रत्येक वेळ पाठकोऱ्या कागदावर टिपून ठेवली होती. बिर्थेनं काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं, स्वतःचा वाटा न गाळता. आस्तानं ऐकून घेतलं. उद्या संध्याकाळपर्यंत ते सगळ्या खाडीकाठी कळणार होतं, हे दोघींना ठाऊक होतं.

"हात धू," आस्ता म्हणाली. "रविवारला गानी छापायची हाईत."

बिर्थेनं कोपरापर्यंत साबण लावला, वास गेला नाही तो नाहीच. मग ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली शिरली. मेन पडला होता तेव्हा प्रिंटर सगळं विसरून बसला होता. सुरुवातीपासून करायला लागणार होतं.

"वाय-फायचा पासवर्ड सांग," ती आतून म्हणाली. "एक एक अक्षर. सावकाश."