लाल शाईचा अर्ज

पेणच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो आणि रोह्याला लागून वरसे गावात घर बांधलं. निवृत्त माणसं भजनात रमतात, बागेत रमतात. मी दुसऱ्यांच्या इंग्रजीतल्या चुकांत रमलो.

हमखास घोटाळा होणाऱ्या शब्दांची माझी एक वही आहे. ॲफेक्ट आणि इफेक्ट, ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ, लूस आणि लूझ. दोन स्टेशनऱ्यांसाठी तर मी खास उदाहरण शोधलं होतं: एक म्हणजे वह्या-पेनं, दुसरी म्हणजे क्रॉसिंगसाठी कासू स्टेशनात जागच्या जागी ताटकळलेली आमची गाडी. वर्ग पोट धरून हसायचा आणि पेपरात दोन्ही ठिकाणी वह्याच लिहायचा.

इथल्या कंपन्यांत शिव्या मराठीत, चहा मराठीत, हजेरीही मराठीत. अर्ज मात्र इंग्रजीत. देणाऱ्याला ते धड येत नाही, घेणारा ते वाचत नाही, त्यामुळे कोणाची तक्रारही नसते. असे अर्ज लोक माझ्याकडून तपासून न्यायचे. मी लाल पेनाने चुका काढायचो, खाली दहापैकी गुण देऊन झोकदार सही ठोकायचो आणि दहापैकी दहा मिळेपर्यंत पुन्हा लिहायला लावायचो. फुकट काम करतो म्हटल्यावर एवढा छळ करायचा हक्क आहेच, असं मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन आली. आई पेणच्या खाडीकडची, सगळा जन्म मिठागरात राबलेली. मुलगी इथल्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये सहा वर्षं कंत्राटावर. आता तिथे एक जागा पर्मनंट होणार होती आणि अर्ज त्याच दिवशी पाचच्या आत गेटवरच्या टाइम ऑफिसच्या खिडकीवर द्यायचा होता. तेव्हा तीन वाजले होते.

मी वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीत ॲडव्हाइसचा घोटाळा, खाली इफेक्टचा. कागद लालभडक केला, दहापैकी चार दिले, सही केली. तिने मुकाट्याने दुसरा लिहिला. त्याला सहा.

"सर, एवढं चालेल ना?" तिने भीत भीत विचारलं.

"चालेल हा शब्द माझ्या घरात चालत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हणालो.

सव्वाचार झाले. पायरीवर बसलेली आई आत डोकावली. "तू लिव गो, मी आलीच," म्हणाली आणि निघून गेली. मला वाटलं, भाजी आणायला गेली असेल.

पाचला पाच कमी असताना तिसऱ्या अर्जाला दहापैकी दहा मिळाले. मुलीने घड्याळ पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. कंपनी रिक्षाने पंधरा मिनिटांवर. माझ्या हातात निर्दोष कागद होता आणि समोर एका पोरीची सहा वर्षं पाण्यात चालली होती. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. "दिला गो अर्ज," आई उतरता उतरता म्हणाली.

"कुठला?" मी ओरडलो.

"पयला. खाली पडला व्हता तो. पोरीची सही व्हती त्याव."

"अहो बाई, त्यात चुका होत्या!"

"आसतील. खिडकीवरचा लाल सही बघून उभाच रायला. बोलला, सायबांचा शेरा हाय, आधी वर पाठवतो. मी कशाला नाय बोलू?"

महिन्याभरात मुलगी पर्मनंट झाली. मुलाखतीत ती स्वतःच्या हुशारीवर निवडली गेली, पण हे इथे कोणालाच पटत नाही. आता लोक लांबून येतात आणि म्हणतात, "सर, चूक नसली तरी चालंल, पन जरा लाल करा." मी करतो. सहीही करतो.

तो दहापैकी दहाचा अर्ज अजून माझ्या वहीत आहे. तो माझ्याशिवाय कोणीच वाचलेला नाही. वही उघडली की त्या पोरीचं रडणं आठवतं. म्हणून हल्ली कोणी कागद पुढे केला की पेनाचं टोपण काढण्याआधी मी विचारतो, "खिडकी किती वाजता बंद होते?"